पाचवा खेटा

नवऱ्याची कावीळ उलटली तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला न विचारता जोतिबाला पाच खेटे बोलून टाकले. माघ पौर्णिमेनंतरचे पाच रविवार, कोल्हापुरातून डोंगरापर्यंत अनवाणी चालत. वय सत्तर, गुडघे कामातून गेलेले. मी चिडले. म्हटलं, "आत्ती, तुम्ही वाटेत पडलात तर दोघांना कुठं कुठं बघत बसू मी?" पण आतून बरंच वाटलं होतं. मीही दवाखान्याच्या जिन्यात, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याच देवाला हात जोडत होते.

तिसऱ्या रविवारी त्या परत आल्या त्या गुलालानं माखून, तळपायाला फोड घेऊन. त्याच संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, फरक पडतोय. ह्यांनी अर्धी वाटी पेज घेतली आणि मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर खेकसले. महिनाभर त्या तोंडातून धड शब्द नव्हता. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच रडले.

सोमवारी सकाळी साडेनऊला हे गेले. मी खाली चहा आणायला गेले होते. वर आले तर नर्स पडदा ओढत होती. हातात थर्मास तसाच धरून मी तिला विचारलं, "झोपलेत का?"

पुढचा आठवडा मला नीट सांगता येणार नाही. माणसं येत होती, रडत होती, चहा घेऊन जात होती. मी देव्हाऱ्याकडं पाठ करून बसायचे. सुतकात दिवा नव्हताच. सुतक फिटल्यावरही तो माझ्या हातानं लागणार नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी बघते तर आत्ती घरात नाहीत आणि त्यांच्या चपला दारात. म्हातारीनं जिवाचं काही बरंवाईट केलं, असंच वाटलं. दीर गाडी काढून पंचगंगेच्या घाटापर्यंत शोधून आले. दुपार कलल्यावर त्या आल्या, पाय धुळीनं भरलेले. चौथा खेटा घालून आल्या होत्या. पोटचा पोरगा जाऊन आठवडा झाला नव्हता.

माझं तोंड सुटलं. "कुणासाठी घातलात खेटा? आता मागायला राहिलंय काय? आणि सुतकात देवळात शिरलात?"

घरभर पावणे बसलेले होते.

"देवळात न्हाय गेलो," आत्ती म्हणाल्या. "भाईर पायरीखाली बसलो, शिखराकडं बघत. मागाय न्हाय गेलतो, भांडाय गेलतो. अजून लई ऱ्हायलंय. म्होरल्या रविवारी परत जानार हाय."

"ज्यानं ऐकलं नाही त्याच्याशी काय भांडायचं?"

"मग कुणासंगं भांडू? तुझ्यासंगं?"



शनिवारी तेरावं झालं. रविवारी पहाटे मी अनवाणी आत्तींच्या मागं निघाले. नणंद दारात आडवी आली, लोक काय म्हणतील म्हणून. म्हटलं, म्हणू देत. माझा देवाशी काही समेट झाला नव्हता. मला त्याला चांगलं सुनवायचं होतं. वडणग्याच्या रस्त्याला लागल्यापासून मी शब्द जुळवत होते. आशा दाखवून माणूस का नेलास, हे त्याच्या तोंडावर विचारणार होते.

गाभाऱ्यापुढं रांग सरकली. मागून रेटा आला, मूर्ती समोर आली आणि मी तोंड उघडलं.

बाहेर पडलं ते देवाच्या नावानं "चांगभलं". तेही सगळ्यांच्या वरच्या आवाजात. मी एवढी हादरले की स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

आत्तींनी वळून बघितलं. "भांडलीस?"

"नाही जमलं," मी म्हटलं.

"मलाबी कुठं जमलंतं," त्या म्हणाल्या. "घरी तुला खोटं सांगितलं."

आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा, त्या भर रांगेत, त्या रडायला लागल्या.