तिकडे जायच्या आधी

चिमीला दोन शहरांतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्यांतल्या एका शहराचं नाव घरात कुणी घेत नसे.

त्या शहराला घरात ‘तिकडे’ म्हणत. बातम्यांत ते नाव आलं की आई उठून आत जायची. एखादा पाहुणा बोलण्याच्या ओघात ते नाव घेऊन बसला, तर बाबा त्याला पाणी हवं का विचारायचे. काही वर्षांपूर्वी चिमीचा दादा तिकडे नोकरीला होता. लागून वर्षही पुरं झालं नव्हतं. एका सकाळी तो अंघोळीला म्हणून बाथरूममध्ये शिरला आणि बाहेर आलाच नाही. गॅसचा गीझर, लावलेलं दार, खिडकी नाही. बंद जागेत गॅस जळताना जो विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. झोप लागल्यासारखं झालं असेल, असं डॉक्टर म्हणाले. आई त्यांच्याकडे नुसती बघत राहिली होती.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. कुणीही अंघोळीला गेलं की आई दाराबाहेर घुटमळायची आणि मधूनमधून विचारायची, “आहेस ना?” आतून “आहे” म्हणायचं. डोळ्यांत साबण गेलेला असो, तोंडात ब्रश असो, म्हणायचं. आता घरात विजेचा गीझर होता, बाथरूमच्या खिडकीची तावदानं तर मुद्दाम काढूनच टाकली होती, नुसती जाळी ठेवली होती. तरी रीत सुटली नाही. एकदा मावशी राहायला आली, तर तिलाही सुटका नव्हती.

“अगं, साठीची बाई मी,” मावशी आतून ओरडली. “अंगाला फेस लावून कुठे पळून जाणार आहे?”

सगळे हसले. आई हसली नाही. “तू नुसतं आहे म्हण,” ती म्हणाली.

“आहे बाई, आहे!”

चिमी कान तपासायची. शिक्षण झाल्यावर गावातल्याच एका दवाखान्यात ती उमेदवारी करत होती. मैत्रिणी तिला कानवाली म्हणत. आता दोन बोलावणी होती. एक मावशीच्या शहरातलं. तिथे कानाची मशीन विकणाऱ्या दुकानांची साखळी होती. काचेची दारं, गारेगार हवा, पगार उत्तम. राहायला मावशीचं घर. दुसरं तिकडचं. मोठं इस्पितळ. तिथे जन्मलेलं प्रत्येक बाळ घरी जायच्या आधी त्याचे कान तपासत. बाळ झोपलेलं असतं. त्याच्या कानात एक बारीक बोंडी ठेवायची. आवाज आत जातो, आणि कान चांगला असेल तर त्या कानातूनच एक अगदी क्षीण प्रतिसाद उलटून येतो. मशीन तो पकडतं. बाळाला काही करावं लागत नाही, काही सांगावं लागत नाही. चिमीने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून तिला दुसरं काही नको होतं.

दोन्हीकडे शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

“मावशीकडे जा,” आई जेवताना म्हणाली. पोळी वाढता वाढता, जणू विषय मिठाचाच होता.

“आई, ते दुकान आहे. मशीन खपवायचं.”

“मग खपव की. लोक चपला विकतात.”

“मी एवढं शिकले कशासाठी?”

“जगण्यासाठी,” आई म्हणाली.

चिमीचा घास हातातच राहिला. बाबांनी दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं. “हो, हो,” ते म्हणाले.

“काय हो?” आईने विचारलं.

“दोघींचंही बरोबर आहे.”

“यांचं नेहमीचंच,” आई म्हणाली. “न्यायाधीश व्हायला हवं होतं. कुणीच तुरुंगात गेलं नसतं.” मग चिमीकडे न बघता ती म्हणाली, “आणि कुठेही जायच्या आधी यांच्या कानांचं बघ एकदा. टीव्ही लावतात तो पलीकडच्या बिल्डिंगसाठी.”

बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं होतं. मोठ्या यंत्रांच्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. तिथली माणसं ओठ वाचायची, हातवारे करायची. चिमीने त्यांचे कान आधी दोनदा तपासले होते. थोडं कमी ऐकू येतंय, वयाप्रमाणे आहे, असं तिने स्वतःच कागदावर लिहिलं होतं. मशीनची गरज नव्हती. बाबांनीही विषय तिथेच मिटवला होता.

या वेळी दवाखान्यातल्या मोठ्या मॅडम तिथेच उभ्या होत्या. तपासणीची खोली म्हणजे जाड भिंतींचं एक कपाटच. आत खुर्ची, हेडफोन, हातात धरायचं बटण. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बटण दाबलं की बाहेर चिमीच्या यंत्रावर दिवा लागतो. मध्ये काच असते. बाबा आत जाऊन काचेकडे तोंड करून बसले आणि लेकीला बघून हसले. दर वेळी असेच बसायचे.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या. “पेशंट समोर तोंड करून? शिकवलंय ना तुला?”

“बाबा आहेत मॅडम. त्यांना आत कोंडल्यासारखं होतं. मी दिसले की बरं वाटतं त्यांना.”

“पाठमोरं बसव.”

चिमीने आत जाऊन खुर्ची फिरवली. तिने हेडफोन चढवला तेव्हा बाबांनी तिचा हात किंचित धरून ठेवला. मग सोडला.

ती बाहेर येऊन बसली. पहिला आवाज दिला. दिवा लागला नाही. वाढवला. नाही. आणखी वाढवला. एवढा आवाज तर भिंतीतून बाहेरही जाणवतो, असं तिला वाटलं. बाबांची पाठ स्थिर होती. तिने हात यंत्रावरून काढून मांडीवर ठेवला. यंत्र मुकं होतं.

दिवा लागला.

तिला वाटलं, चुकून लागला. ती थांबली. थोड्या वेळाने पुन्हा लागला. मग पुन्हा. आत कुठलाही आवाज नव्हता, आणि बाबा शांतपणे, ठरावीक वेळाने, कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं बटण दाबत होते.

“आधी दोनदा तुझा हात बघून दाबलं असणार,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आवाज देताना आपला खांदा हलतो. लहान मुलं करतात असं. मोठ्या माणसात मीही पहिल्यांदाच बघतेय.”

तपासणी पुरी व्हायला वेळ लागला. आलेख असा खाली गेला होता की चिमीने तो मॅडमच्या हाती दिला आणि पुन्हा बघितला नाही. खालच्या सुरातलं थोडं शिल्लक होतं. बोलण्यातली अक्षरं ज्यांनी ओळखू येतात, ते सूर बहुतेक गेलेच होते.

दवाखान्याबाहेर बाक होता. ती बाबांच्या समोर उकिडवी बसली, म्हणजे त्यांना तिचे ओठ दिसतील.

“कधीपासून, बाबा?”

“कळलं नाही. केस कसे जातात? एक दिवस बघावं तर गेलेले.”

“आई हाक मारते ती? बाथरूममध्ये?”

बाबा ओशाळले. “दोन तांबे ओतले की एकदा म्हणतो, ‘आहे’. बसतं बरोबर बहुतेक. नाही म्हटलं तर ती दार फोडेल गं.”

चिमीला हसू येत होतं. ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. असे कान एका-दोन वर्षांत जात नाहीत, हे तिला परीक्षेत विचारलं होतं आणि तिने बरोबर लिहिलं होतं. तिच्या मनाने मागे जायला सुरुवात केली आणि ती थांबवू शकली नाही. समोर ओठ असले तर बाबा निभावून नेतात. दाराला ओठ नसतात. फोनला नसतात.

दादाचा शेवटचा फोन रविवारी आला होता. आई देवळात गेली होती. फोन बाबांनी घेतला होता. चिमी शेजारी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसली होती. बाबा बराच वेळ “हो, हो, हो” म्हणत होते. दादा एवढा वेळ बाबांशी बोलतो म्हणून तिला हेवा वाटला होता. आई आल्यावर बाबांनी सांगितलं, मजेत आहे, खोली छान आहे म्हणाला. मंगळवारी सकाळी दुसरा फोन आला.

“दादा काय म्हणाला होता?” तिने विचारलं.

बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. कळलं नाही असं दाखवायला त्यांनी थोडा वेळ घेतला, आणि मग तेही त्यांना जमलं नाही.

“ऐकू आलं नाही.”

“तुम्ही हो म्हणालात.”

“छापखान्यात आधी हो म्हणायचं असतं. मग जवळ जाऊन बघायचं काय झालंय ते.” त्यांनी गुडघ्यावरचा नसलेला धागा काढून टाकला. “तो काहीतरी विचारत होता गं. शेवटी सूर वर जात होता. तेवढं कळलं मला. दोनदा विचारलं त्याने. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.”

रस्त्यावरून माणसं जात होती. चिमीला वाटलं, ही सगळी मोठ्याने बोलतायत.

संध्याकाळी घरी येताना बाबांच्या कानात उसनं मशीन होतं. ते दारातच थबकले आणि म्हणाले, “हा फ्रिज एवढा ओरडतो?” मग आपल्याच खोलीत जाऊन दार लोटून बसले.

आई ओट्यापाशी होती. चिमी तिच्या मागे जाऊन उभी राहिली. कसं सांगावं याची तिने वाटेत दहा वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही तोंडातून निघेना.

“आई, बाबांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.”

“ठाऊक आहे,” आई म्हणाली.

“कसं?”

“कसं म्हणजे? मी हाक मारलेलीच नसते आणि आतून आपलं आहे, आहे.” तिने गॅस बारीक केला. “पहिल्यांदा घाबरले होते मी. वाटलं, हे कुणाला उत्तर देतायत?”

“मग सवय झाली. म्हटलं, म्हणू देत. माझ्यासाठीच म्हणतायत.”

“आणि दादाची खोली छान आहे म्हणाले होते, ते?”

“छान कुठली. मला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं त्याने. कोंदट आहे, अंघोळीनंतर डोकं जड होतं. दुसरी बघितलीय, पण लांब आहे. मी म्हटलं, बाबांना विचार, त्यांना कळतं असल्या गोष्टींतलं.” आई भांड्यावर झाकण ठेवत होती. ते नीट बसेना. तिने ते पुन्हा पुन्हा बसवलं. “यांचं फोनवर हो, होच असणार. खोली बदलू का असं विचारलं असेल, तर यांनी बरोबर सांगितलं. इथेच राहू का असं विचारलं असेल...”

झाकण बसलं. वाक्य तिने पुरं केलं नाही.

“बाबांना हे कधी बोलली नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही बहिरे आहात म्हणून?”

भिंतीपलीकडे बाबांनी खोकल्याचा आवाज केला. दोघी एकदम गप्प झाल्या. इतकी वर्षं त्यांच्यापासून काही लपवायला आवाज खाली आणावा लागला नव्हता.

चिमीने तिथेच, आईच्या पाठीशी बोलून टाकलं. “मी तिकडे जाणार आहे. त्या इस्पितळात. तिथे कुणाला हो म्हणायला लागत नाही, आई. बाळ झोपलेलं असतं. कानच सांगतो.”

आईने गॅस बंद केला. “जा म्हणायला माझी जीभ उचलणार नाही,” ती म्हणाली.

“मग म्हणू नकोस.”

“आणि खोली मी बघितल्याशिवाय घ्यायची नाही.”

चिमीला आधी त्याचा अर्थ लागला नाही. खोली बघायची म्हणजे आईला तिकडे यावं लागणार होतं.

ती आली. तिघंही गेली. प्रवासभर आई डोळे मिटून बसली होती आणि झोपली नव्हती. इस्पितळाच्या मागे कर्मचाऱ्यांच्या खोल्या होत्या. चिमीला तिसऱ्या मजल्यावरची मिळत होती. किल्ली घेऊन आलेल्या माणसाने घाईने दाखवायला सुरुवात केली, “हा पंखा, हे कपाट.” आई थेट बाथरूममध्ये गेली. तिने खिडकी उघडली, लावली, उघडली. नळ सोडला. गीझरवर हात ठेवला. दार आतून लावून घेतलं.

“काकू काय बघतायत?” त्या माणसाने विचारलं.

चिमी दाराला टेकून उभी होती. तिने हाक मारली नाही. आत किती वेळ काहीच वाजलं नाही. मग कडी निघाली आणि आई बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, तोंड धुतलेलं होतं.

“चांगली आहे,” ती म्हणाली. “घे.”

माणूस सही घ्यायला कागद आणतो म्हणून खाली गेला. तिघं त्या रिकाम्या खोलीत राहिली. बाबा गॅलरीत जाऊन खालचा रस्ता बघत होते. आई पलंगाच्या कडेला बसली. तिने चिमीला अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत विचारलं, “त्याची खोली इथून लांब आहे का गं?”

“मला ठाऊक नाही, आई.”

“लांब नाही,” गॅलरीतून बाबा म्हणाले. त्यांची पाठ खोलीकडे होती. “पुलापलीकडे. पेट्रोलपंपाच्या मागची गल्ली.”

आईने त्यांच्या पाठीकडे बघितलं. किती ऐकू येतं यांना आता, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरातलं किती ऐकलं, हे ती मोजत असावी. बाबा वळले नाहीत.

“चला,” आई म्हणाली.

पण ती उठली नाही. बाबाही तिथेच उभे राहिले. कागद घेऊन माणूस वर आला तेव्हा तिघं तशीच होती. चिमीने सही केली.