मंद केलेलं इंजिन

शर्यतीत स्पीडबोटी उलटून माणसं मेल्याचे व्हिडिओ वेसाव्याच्या जेट्टीवरचा इंजिन मेस्त्री चहा पिताना बघायचा आणि मेलेल्या प्रत्येकाला हात जोडायचा. मी भरीस घातल्यामुळेच माझ्या मेहुण्याने अशा एका शर्यतीत नाव दिलं होतं. आता घाबरून मी हळूच म्हटलं, “मेस्त्री, त्याच्या बोटीचं इंजिन जरा मंद कराल?”

“ते परवाच केलं, शेठ.”

मेहुणा शेवटून पहिला आला. सगळ्या जेट्टीसमोर त्याने मेस्त्रीची आई-बहीण काढली. मेस्त्री चिंधीने बोटं पुसत राहिला आणि मी, त्याला शर्यतीत ढकलणारा खरा गुन्हेगार, स्वतःच्या चपलांकडे बघत उभा राहिलो.

मेहुणा गेल्यावर मी माफी मागितली.

“कसली माफी?” मेस्त्री म्हणाला. “शिव्या घालायला माणूस परत आला ना? काम झकास झालं.”