सहा तारांचे साडू

सबंध नगर जिल्ह्यात सर्वांत जास्त वाजवणारा आणि सर्वांत कमी ऐकू येणारा माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या साडूंकडे बोट दाखवीन. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण साडूंचा सराव नगर होतं तेव्हापासूनचा आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान साखर कारखान्यात फिटर आहेत आणि त्यांच्याकडे सहा तारांची बेस गिटार आहे. बेसला एरवी चार तारा असतात. "चारात भागत नाही का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साडू, तुमाला चार खोल्या हुत्या, तरी पाचवी काढलीच ना?" घर लहान, भिंती पातळ, म्हणून ते कानाला हेडफोन लावून वाजवतात. बाहेर ऐकू येते ती फक्त तारेवर बोट आपटल्याची टिकटिक. "दाजी, लगीन झाल्यापासून बघतीय मी," मेव्हणी म्हणते, "पन ऐकलं न्हाई अजून."

बेसची तार तर्जनी आणि मधलं बोट यांनी आळीपाळीनं छेडायची असते. एकच बोट सलग दोनदा लागलं तर साडूंच्या धर्मात ते पाप. त्यामुळे ते कुणाच्या दाराची बेल वाजवतानासुद्धा आधी तर्जनी, मग मधलं बोट अशी दोनदा वाजवतात. भाकरी मोडतानाही तेच. दुसरा प्रकार टॅपिंगचा. यात दोन्ही हातांची बोटं गिटारच्या दांडीवरच तारांवर आपटायची, डाव्यानं खालचा ठेका धरायचा आणि उजव्यानं वरची चाल काढायची. याच्या सरावाला साडूंना कुठलाही पृष्ठभाग चालतो. माझ्या मोटारसायकलवर मागं बसले की श्रीरामपूरपासून बेलापूरपर्यंत माझ्या पाठीवर अख्खं गाणं होतं. मी हललो तर वर रागावतात, "साडू, ताल जातोय!" एकदा शेळी घ्यायला मी त्यांना घोडेगावच्या बाजारात नेलं. तिथल्या एका जुन्या व्यापाऱ्याची रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करायची पद्धत. साडूंनी रुमालाखाली हात घातला आणि सवयीनं बोटं चालू झाली. व्यापारी आधी हरखला, मग गोंधळला, शेवटी रुमाल झटकून उभाच राहिला. "पावनं, एक कायतरी ठरवा. माझी चाळीस वर्सं ह्यात गेली, पर असा भाव कुनी केला न्हाई!" शेळी मिळाली नाही. परत येताना साडू मात्र खुशीत होते, कारण करंगळी आता स्वतंत्र चालायला लागली होती.

इथवर हसायला ठीक आहे. पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय साडू पुरे होत नाहीत.

बेलापुरात माझं लाऊडस्पीकरचं दुकान आहे. गेल्या वर्षी आमच्या विहारासमोरच्या जयंतीच्या कार्यक्रमाला सिस्टिम माझी होती आणि मिक्सरवर मी स्वतः बसलो होतो. भीमगीतांच्या मंडळानं साडूंना पहिल्यांदाच स्टेजवर घेतलं होतं. वर एका गाण्याच्या मध्ये एक मिनिट फक्त त्यांचं होतं, साथीला नुसती ढोलकी. त्या एका मिनिटासाठी या माणसानं सहा महिने कारखान्यातून येऊन, चहासुद्धा न घेता, बोटं झिजवली होती. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडू, बेस समोर नीट पोचू द्या. बेस ऐकू येत न्हाई तेवढा, पन जानवतो." मी म्हटलं, "काळजी सोडा."

वंदना झाली, पहिलं गाणं सुरू झालं आणि साडूंचा पहिला सूर निघाला. मांडवाचा पत्रा थरथरला. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी दचकून खुर्चीखाली बघितलं. दोन-चार पोरी फिदीफिदी हसल्या, आणि मागून कुणीतरी विचारलं, "कुनाचा पावना हाय ह्यो?" मला कुणी काही सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी नाही, पाहुण्यांनीही नाही. 'आमचा' म्हणायची पाळी येऊ नये म्हणून माझ्याच बोटानं मिक्सरवरची बेसच्या आवाजाची पट्टी पार खाली ओढली. म्हटलं, हे गाणं होऊ दे, मग करू वर.

ते गाणं झालं, पुढची झाली, पट्टी खालीच राहिली. मग ते मिनिट आलं. साडूंनी डोळे मिटले, दोन्ही हात दांडीवर नेले आणि बोटं धावायला लागली. त्यांच्या कानात मीच लावून दिलेले इयरफोन होते, त्यांचा आवाज वेगळ्या पट्टीवर. त्यांना सगळं ऐकू येत होतं. समोर फक्त ढोलकी. स्टेजवरच्यांना वाटलं, समोर जात असेल. समोरच्यांना वाटलं, हे असंच असतं. पट्टी वर ढकलायला एक बोट पुरे होतं. पण मधेच आवाज आला असता तर तो आधी बंद होता हे चारचौघांना कळलं असतं, आणि बंद कुणी केला हेही. मी हात मांडीखाली दाबून बसलो. मिनिट संपलं, टाळ्या पडल्या. त्या ढोलकीला होत्या, नमस्कार साडूंनी केला.

घामाघूम साडू खाली उतरून पहिले माझ्याकडे आले. "पोचलं का?"

"पोचलं की. लई भारी."

मेव्हणी म्हणाली, "दाजी, मला तर कायच ऐकू..." तिचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं. "बेस ऐकू येत नाही, जाणवतो," मी म्हणालो. साडूंचंच वाक्य, आणि ते मी त्यांच्याच बायकोच्या तोंडावर मारलं. तिला वाटलं, आपल्यालाच कळत नाही. घरी गेल्यावर साडूंनी तिच्या मोबाईलवरचा व्हिडिओ लावला, आवाज वाढवला, फोन कानाला धरला. मी दारातच चपला घालायला लागलो. "बारका स्पीकर," ते म्हणाले. "बेस ह्या फोनमदी येतच न्हाई."

परवा भरदुपारी ते गिटार घेऊन दुकानात आले. यंदाच्या जयंतीआधी माझ्या सिस्टिमवर एकदा बघायचं होतं. मी वायर जोडली, पट्टी वर केली आणि त्यांनी तेच मिनिट वाजवलं. खाली दमदार ठेका, त्यावर नातवंडाला थोपटावं तशी हळुवार चाल. इतकं सुंदर असेल असं मला वाटलंच नव्हतं. शेजारचा सायकलवाला हातातला पाना तसाच धरून दारात येऊन उभा राहिला होता.

"गेल्या साली असंच झालं हुतं ना, साडू?"

वर्षभर घोकलेलं कबुलीचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. त्यांनी इतक्या विश्वासानं बघितलं की मी म्हणालो, "व्हय, असंच."

"मंग यंदाबी मिक्सरवर तुमीच बसा. दुसऱ्या कुनाला बेस कळत न्हाई." गिटार खांद्याला लावून, माझी पाठ दोन बोटांनी आळीपाळीनं थोपटून ते गेले. मी बेसची वायर गुंडाळत बसलो. खरं तर ती दोन मिनिटांत गुंडाळून होते, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती माझ्या हातातच होती.