फळ्यावरची मुद्दाम केलेली चूक

नांदेडहून देगलूरला जाताना एसटीत शेजारी गणिताचे एक प्राध्यापक बसले होते. बोलताना त्यांचं बोट पुढच्या सीटच्या पाठीवर सारखं आकडे काढायचं.

"मी दरवर्षी एकाच गणितात मुद्दाम चूक करतो," ते म्हणाले. "कोणी 'सर, चुकलं' म्हणेपर्यंत सुधारत न्हाई. कोणी ध्यान देऊन ऐकतंय, मास्तराला तेवढंच समाधान लागतं बघा."

"मग म्हणतात का पोरं?"

"न्हाई. सगळे उतरून घेतेत."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"औंदा माझाच एक जुना विद्यार्थी आमच्या कॉलेजात शिकवायला आलाय. काल त्याच्या वर्गावरून गेलो. फळ्यावर तीच चूक होती. पोरं उतरून घेऊन राहिली होती."

त्यांनी तळहातानं सीटची पाठ पुसली. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.