काढलेली तार

गवताला पुन्हा वाढायला उसंत मिळावी म्हणून आम्ही गावच्या कुरणाचे दोन भाग पाडले होते आणि मधून झटका मशीनची, विजेचा हलका झटका देणारी तार ओढली होती. पलीकडचं गवत आता गुडघाभर झालं, म्हणून आज मी ती तार गुंडाळून घेतली. गुरं मात्र तार होती तिथंच येऊन थांबली. समोर हिरवं रान मोकळं, आणि ही अलीकडचं खुरटं गवत कुरतडत उभी.

गुराखी दगडूमामा म्हणाले, "एकदा नाकाला झटका बसलाय न्हवं. तार गेली तरी त्यास्नी दिसतीया."

बायको आजारी होती तेव्हा तिची झोप मोडू नये म्हणून मी दार आवाज न करता लावायचो. तिला जाऊन वर्ष होत आलं. रडू तेव्हाही फारसं आलं नाही. दार अजून तसंच लावतो.

मामा पलीकडे जाऊन तंबाखू मळत बसले. बऱ्याच वेळानं म्हातारी कपिला गाय त्यांच्याकडे बघत ती जागा ओलांडून गेली. मग बाकीची गेली.

संध्याकाळी घरी आलो आणि दार लावलं. आवाज झाला नाही.