सहाव्या मिनिटाला मेलेला खलाशी

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. वडील ती छापून आणायचे, मी घड्या घालायचे. त्यामुळे इथल्या आमच्या मराठी मंडळाने एक जुना ब्रिटिश गुन्हेपट दाखवायचं ठरवलं, तेव्हा नायमेखन या डच शहरातल्या माझ्या खोलीत मी आधी पत्रकच लिहायला बसले.

चित्रपट सुचवला होता बुइटनव्हेल्डर्टला राहणाऱ्या एका काकांनी. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी लंडनला गेले, मिळेल ती कामं केली, आणि या चित्रपटात खून होणारा खलाशी झाले. ते मागच्या वर्षी वारले. आपल्या माणसांनी त्यांना एकदा पडद्यावर बघावं, एवढंच काकांना हवं होतं.

मी तो चित्रपट घरी पाहिला आणि चिडले. त्यात एक श्रीमंत हिंदुस्थानी व्यापारी आहे. ती भूमिका एका गोऱ्या नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून केली आहे, आणि तो शेवटपर्यंत मान हलवत बोलतो. खरा हिंदुस्थानी माणूस एक वाक्य बोलतो आणि सहाव्या मिनिटाला मरतो. श्रेयनामावलीत त्याचं नावही नाही. हे सगळं मी पानभर लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. अध्यक्षताईंचा फोन आला, "अगं, रविवारी लोक वडे खायला येतात. त्यांच्यावर कशाला ओरडतेस?" मग पत्रक वाटायचं का, यावर ग्रुपवर मतदान झालं. बहुमत ‘काहीही चालेल’ या पर्यायाला मिळालं. मी चाळीस प्रती छापल्या.

हॉल चार ते सहा एवढाच मिळाला होता आणि चित्रपट जवळजवळ दोन तासांचा. ‘बरोबर चार’ असं मी ग्रुपवर तीनदा लिहिलं. प्रत्येक वेळी उंचावलेल्या अंगठ्यांची रांग लागली. चार वाजता हॉलमध्ये काका, काकू आणि मी. वडे अजून अध्यक्षताईंबरोबर हूफडॉर्पहून येणाऱ्या बसमध्ये होते.

काका म्हणाले, अर्धा तास थांबू या, शेवट हुकला तरी चालेल. मी त्यांना शिस्तीवर व्याख्यान दिलं आणि चित्रपट लावला.

खलाशी आला, बराचसा पाठमोरा. आपण काहीच पाहिलं नाही असं इंग्रजीत म्हणाला आणि धक्क्यावर कोसळला. काकू हळूच म्हणाल्या, "कान बघा. तुमच्याच घरचा कान." काका मान वळवून मागच्या रिकाम्या खुर्च्या बघत होते.

साडेचारनंतर मंडळी येऊ लागली. बाबागाड्या, डबे, "फार झालं का गं?" मी अंधारात पत्रकं वाटली, बहुतेकांनी त्यावर वडे ठेवले. रंग फासलेला व्यापारी बोलू लागला की हसण्याची लाट यायची. ज्या बोलण्यावरून ऑफिसात आपली नक्कल होते, त्याच बोलण्याला हे लोक खदाखदा हसत होते. माझं डोकं तापत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "मुळात मेला कोण?"

"कुणीतरी खलाशी," शेजारच्याने सांगितलं.

काकांनी ते ऐकलं. मी उठले, चित्रपट थांबवला आणि दिवे लावले. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. अध्यक्षताई म्हणाल्या, आता तर खुनी सापडणार, आत्ता कशाला थांबवतेस. आपण पुन्हा पहिल्यापासून बघणार आहोत, असं मी सांगितलं. लोक कुरकुरले. एकाने मला हुकूमशहा म्हटलं. मीही त्याला बरंच काही सुनावलं, ते इथे लिहीत नाही.

या वेळी काका पडद्याशेजारी उभे राहिले. खलाशी दिसताच त्यांनी हात पुढे केला.

"हा माझा भाऊ," ते म्हणाले.

एका बाईंनी वडा खाली ठेवून ते दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा लावलं. भाऊ मराठीत पत्रं लिहायचे का, परत का आले नाहीत, असे प्रश्न आले, आणि काका सहापर्यंत बोलत राहिले. मग हॉलवाल्यांनी आम्हाला बाहेर काढलं. खुनी कोण ते कुणालाच कळलं नाही.

दारात काकू कोट घालता घालता माझ्याजवळ आल्या. "चार वाजताच ऐकलं असतंस यांचं, तर एवढं भांडावं लागलं नसतं."

मी खुर्च्यांवर टाकलेली तेलकट पत्रकं गोळा करायला परत आत गेले.