खेळाच्या लुगड्याला खळ

वन्संनी कुठे कुठे काय जिंकलं ते माझे सासरे, मामंजी, विचारेल त्याला सांगायचे. कप ठेवायला त्यांनी काचेचं कपाट करवून घेतलं होतं. मला मात्र ते सगळे विजय धुण्यावरून आठवतात.

वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, पांढरं नऊवारी नेसून टेनिस खेळायच्या. लोणावळ्याच्या तांबड्या मातीत सराव झाला की लुगडं गुडघ्यापर्यंत गेरूच्या रंगाचं व्हायचं. पुण्याचं मैदान शेणानं सारवलेलं, तिथून हिरवट डाग यायचे. पुण्याचा कप पहिल्यांदा आला तेव्हा ओसरीवर पेढे वाटत होते आणि मी मागे दगडावर ते लुगडं घासत होते. पुढच्या वर्षी तोच कप पुन्हा आणला. मुंबईला जिंकल्या, नागपूरला जिंकल्या. मी सुदुंबऱ्याची, खेड्यातली, चौथी शिकलेली. दुसऱ्या दिवशी धुणं जड असणार, एवढंच मला कळायचं.

"राहू द्या की वहिनी एखादा डाग," त्या म्हणायच्या.

"मामंजी बोलतील मला."

"त्यांना म्हणावं, तुम्हीच खेळा आणि तुम्हीच धुवा."

तिसऱ्या वर्षीही जिंकल्या तर पुण्याचा कप कायमचा घरी राहणार होता. त्यातच वन्संचं लग्न ठरलं होतं, आणि लग्नानंतर खेळ बंद, असं सासरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटचीच संधी. आदल्या दिवशी मामंजी मला म्हणाले, "उद्या तूही चल. मोठी माणसं येणार, फोटो निघायचाय. लुगडं नीट असू दे."

नीट म्हणजे काय करायचं? सणासुदीला करतात तेच मी केलं. तांदळाच्या पेजेची दाट खळ घातली आणि वरून इस्त्री फिरवली. लुगडं पापडासारखं कडक झालं. मला बरं वाटलं. पुण्यात नेसताना वन्सं म्हणाल्या, "फारच कडक झालंय हो." पण बाहेरून मामंजी हाका मारत होते.

समोर मुंबईची मुलगी होती, फ्रॉक घातलेली. ती हरणासारखी पळत होती. वन्संचे पाय मात्र पुढे पडेनात. कासोटा ताणला की सुटेना, वाकल्या की निऱ्या फुगून रॅकेटच्या आड यायच्या. लोक म्हणत होते, आज हिला झालंय काय? मागच्या बाकावर बायकांत बसलेल्या मला ते माहीत होतं. पाण्याचा तांब्या माझ्या पायाशीच होता. ओलं केलं की खळ मऊ पडते, हेही माहीत होतं. पण इतक्या पुरुषांसमोरून उठून जायचं माझ्यानं झालं नाही. पहिला सेट गेला.

मधल्या वेळात वन्संच माझ्याकडे आल्या.

"वहिनी, खळ घातलीत?"

"हो."

"अहो, मी काय बोहल्यावर चढतेय?"

तांब्या उचलून त्यांनी सगळं पाणी निऱ्यांवर ओतून घेतलं. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दुसरा सेट वन्संनी जिंकला. तिसऱ्यात त्या थोडक्यात हरल्या.

परतताना गाडीत मामंजींनी विचारलं, "पायांना काय झालं होतं गं तुझ्या?"

"काही नाही बाबा. समोरची चांगली खेळली."

माझ्याकडे वन्संनी पाहिलंही नाही.

लग्नानंतर त्या पहिल्यांदा माहेरी आल्या तेव्हा मी कसंबसं म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी माझ्यामुळे..."

"पहिला सेट तुमचा, तिसरा माझा," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यात लुगडं मऊ होतं. मीच दमले होते." मग तिथेच सतरंजीवर आडव्या झाल्या. सासरी पहाटे चारला उठावं लागतं, म्हणाल्या, आणि बोलता बोलता झोपल्या.

मामंजी पुढे सगळे कप मोजून सांगत, पण त्या सामन्याचा विषय काढत नसत. शेवटी पोरगी मनानं कच्चीच, असं एकदा त्यांना म्हणताना मी ऐकलं. निदान पहिल्या सेटचं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं. ते वारले, तोवर माझं धाडस झालं नाही.